बसलीय, हलू नका

घाटावर कावळे वेळेवर येऊ लागले, तेव्हा पहिली तक्रार चक्रदेव गुरुजींनी केली.

तक्रार लेखी होती आणि ती माझ्याकडे आली, कारण पिंपळसंगम नगरपालिकेचा घाट निरीक्षक मी. घाट निरीक्षकाचं काम म्हणजे नदी जागेवर आहे आणि पायऱ्या तेवढ्याच आहेत, याची रोज खात्री करणं. वीस वर्षांत दोन्हींत फरक पडलेला नव्हता. गुरुजींनी लिहिलं होतं, 'दशक्रियेच्या पिंडास कावळा सरासरी चार मिनिटांत शिवत असून त्यामुळे विधीचे गांभीर्य लोप पावत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' मी अर्जावर 'पाहिले' असा शेरा मारला आणि गुरुजींना चहा पाजला. योग्य ती कार्यवाही म्हणतात ती हीच.

कावळ्यांना ही शिस्त लागली ती मोरघारींमुळे. मोरघार म्हणजे रस्त्यावर घिरट्या घालणारी आपली साधी घार नव्हे. ती गरुडाच्या कुळातली. पांढुरक्या छातीवर काळ्या रेघोट्या, आणि पारव्यापासून सशापर्यंत काहीही उचलायची तयारी. कावळ्याचंही तिला वावडं नाही. नदीपलीकडच्या विजेच्या मनोऱ्यावर तिच्या एका जोडीचं घरटं आहे. ही जोडी मिळून शिकार करते. नर समोरून उघडपणे येतो, सगळे पक्षी त्याच्याकडे बघत उडतात, आणि मादी मागून, खालच्या अंगानं येऊन त्यातला एक घेऊन जाते. पाहणाऱ्याला वाटतं, नराचा नेम चुकला. नर मात्र निवांत घरी जाऊन जेवायला बसतो.

२०४० साली नदीवरून ड्रोन जाऊ-येऊ लागले. औषधं, टपाल, घरबसल्या मागवलेली भांडीकुंडी. मोरघारींना ते आपल्या हद्दीत घुसलेले वाटले. पहिल्या वर्षी त्यांनी नऊ ड्रोन पाडले. एका ड्रोनमधला प्रेशर कुकर त्यांनी घरट्यात नेला असं गावात बोललं जातं. माझ्या दप्तरी फक्त शिट्टी जमा आहे.

मग 'काकवेध' नावाचं यंत्र आलं.

मोरघार पानांत बसते आणि तासभर हलत नाही. कॅमेऱ्याला ती दिसेपर्यंत ड्रोन नदीत गेलेला असतो. कावळ्यांना मात्र ती कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं, आणि ठाऊक असलेलं मनात ठेवणं कावळ्याच्या स्वभावात नाही. उडणाऱ्या मोरघारीसाठी तो लांब, ओढून ओरडतो. बसलेलीसाठी आखूड आणि खालच्या पट्टीत. दोन ओरडण्यांमधलं अंतर जितकं कमी, तितकी ती जवळ. काकवेधचे सहा मायक्रोफोन घाटाभोवती बसवलेत. एकच आवाज जवळच्या मायक्रोफोनला आधी पोचतो, लांबच्याला सेकंदाच्या काही हिश्शांनी उशिरा. त्या फरकावरून कोणता कावळा कुठून ओरडतोय ते निघतं, आणि सगळे कावळे ज्या झाडापासून सारखं अंतर राखून आहेत, त्या झाडात कोण बसलंय तेही.

उरलं भाषांतर. यंत्राला शिकवायचं तर कुणीतरी हजारो आवाज ऐकून प्रत्येकापुढे त्याचा अर्थ लिहायला हवा. हे काम बिनपगारी होतं, म्हणून ते आमच्या आक्काकडे आलं. आक्का माझी थोरली बहीण. कन्याशाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि तीस वर्षं घराच्या गच्चीवरून त्या मनोऱ्याला दुर्बीण लावून बसलेली. मला मोरघार ओळखायला तिनंच शिकवलं. आक्कानं अकरा हजार आवाज ऐकले आणि पुढे शास्त्रीय मराठी न लिहिता आमच्या आईच्या तोंडची मराठी लिहिली. 'आली बाई.' 'बसलीय, हलू नका.' 'उठतेय.' आणि धोका टळला की, 'गेली बाई, चला जेवायला.'

यंत्रानं ते तसंच्या तसं उचललं. तेव्हापासून आमच्या गावचे कावळे एखाद्या घरंदाज बाईसारखे बोलतात. सूचना सार्वजनिक असल्यामुळे ती ज्याला हवी त्याला फुकट ऐकता येते. ड्रोनला, फोनवाल्याला, कोंबड्या पाळणाऱ्याला.

त्यात नगराध्यक्षांना वाटलं, घाटावरच्या जनतेनंच काय घोडं मारलंय? त्यांनी पिंड ठेवायच्या ओट्याशेजारी दिवा बसवला. लाल म्हणजे मोरघार आहे, थांबा. हिरवा म्हणजे घाट मोकळा. हिरवा लागला की पिंड ठेवायचा, चार मिनिटांत कावळा, आठव्या मिनिटाला सगळे चहाच्या टपरीवर.

"मुकुंदराव, पूर्वी कावळा दोन-दोन तास यायचा नाही," गुरुजी चहा पिता पिता म्हणाले. "लोक हात जोडून उभे राहायचे. गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल ते आठवायचे. नऊ वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले भाऊ इथं बोललेत. एका सुनेनं सासऱ्याचा तंबोरा विकणार नाही म्हणून शपथ घेतली. मी कानांनी ऐकलंय. आता कोण काय कबूल करतो?"

"पण गुरुजी, तेव्हाही कावळा मोरघारीमुळेच येत नव्हता."

"असेल की," गुरुजी म्हणाले. "पण माणसं बोलायची."



*

त्यानंतरच्या जानेवारीत आमची आई गेली. नव्वदीची होती, झोपेत गेली. शेवटची बावीस वर्षं तिचं सगळं आक्कानं केलं. मी नगरपालिकेच्या वसाहतीत राहतो. पंधरा मिनिटांवर. पण पंधरा मिनिटांवर राहणारा मुलगा म्हणजे काय, हे आयांना ठाऊक असतं.

दादा पुण्याहून आला. आमचा सगळ्यांत थोरला, सदुसष्ट वर्षांचा, आणि ऐकायला बराच कमी. बरोबर त्याचा मुलगा निहार. निहार ड्रोनच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पोरगा वाईट नाही. आजीला उचलून अंगणात उन्हाला बसवणारा तोच. फक्त त्याला कुठलीही गोष्ट दिसली की ती आणखी कशी उपयोगी पडेल, हे सुचतं.

या खेपेला त्याला घर दिसलं.

नदीकाठी, उंचावर, आजूबाजूला तारा नाहीत. ड्रोनच्या थांब्याला याहून चांगली जागा नाही. घर पाडायचं, सहा मजली थांबा उभा करायचा. घर वडिलांनी दादाच्या नावावर केलेलं. आणि दादा हो म्हणून बसला होता.

"आत्या, तुझी पुण्यात मस्त सोय केलीय," निहार नवव्या दिवशी म्हणाला. "अकरावा मजला. डॉक्टर खालीच. आणि तुला आवडतात ना, पक्षी दिसतात खिडकीतून."

"कुठले?"

"पारवे."

आक्का उठून गच्चीवर गेली.

मी दादाला अंगणात गाठलं. निहारनं त्याला नवी श्रवणयंत्रं आणून दिली होती, मटाराच्या दाण्याएवढी. "काका, फोनवर जे जे येतं ते सगळं यात येतं," असं निहारनं मला कौतुकानं सांगितलं होतं. दादाला त्यातलं काही जमत असेल असं मला वाटलं नव्हतं. तो आपला आवाज कमी-जास्त करत बसायचा.

"दादा, आक्का तिथं जगायची नाही."

"कळतंय मला."

"मग नाही म्हण ना त्याला."

"मुकुंदा, त्याला शिकायला परदेशी जायचं होतं, मी नाही म्हटलं. त्यानं ठरवलेल्या मुलीला नाही म्हटलं. आता चाळिशीकडे आलाय तो, आणि पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलंय. मी हो म्हणालो. बापानं पोराला किती वेळा नाही म्हणायचं?"

तुळशीपाशी आईची काठी अजून टेकून ठेवलेली होती. दादानं ती उगीच सरळ केली.

*

दहाव्याच्या सकाळी मी सात वाजता गच्चीवर गेलो. आक्का खुर्चीत होती, मांडीवर दुर्बीण.

"घाटावर येतेस ना?"

"नाही रे. मी आईला घरातच निरोप दिलाय." तिनं दुर्बीण माझ्या हातात दिली. "पिल्लू बघ. अंड्यातून बाहेर येऊन आठवडा झालाय. दोघांची नुसती पळापळ चाललीय. काल-परवा बरोबर दहाला घाटावर गेले, पुलावरच्या पारव्यांसाठी. नर पिंपळात बसतो. मादी कमानीखाली."

"आजही जातील?"

"पिल्लाला सुतक नसतं, मुकुंदा."

आमचा विधी दहाचाच होता.

पुढची गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो, कारण माझी एकतीस वर्षांची नोकरी स्वच्छ आहे. मी नऊ वाजता घाटावर गेलो, दिव्याची कळ बंद केली आणि त्याच्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लटकवली. पाटी नगरपालिकेत तयारच असते. मग काकवेध ऐकायचा कामावरचा इअरफोन एका कानात घातला आणि टोपी खाली ओढली.

दादाचं मुंडण झालं. केस गेल्यावर त्याच्या कानांतले दोन दाणे उन्हात चमकायला लागले. गुरुजींनी दिव्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"दुरुस्ती?"

"हो."

"बरं झालं," गुरुजी म्हणाले. "बिघडलाच होता तो."

दादानं पिंड ठेवला. आम्ही मागे सरकलो. चिंचेवर पंधरा-वीस कावळे होते, पण एकही खाली येईना. माझ्या कानात कावळा हळूच म्हणाला, *बसलीय, हलू नका.*

पाच मिनिटं गेली. दहा गेली. आलेले तीस-चाळीस लोक पाय बदलायला लागले.

"काका, तुमच्या सिस्टीमवर काय दिसतंय?" निहार कुजबुजला. "माझा फोन गाडीत राहिला."

मी पिंपळाकडे न बघता म्हणालो, "बंद आहे. पाटी वाच."

"तुमच्या कानात ते काय आहे?"

"कापूस. थंडी आहे."

गुरुजी पुढे आले. त्यांचा चेहरा दिवा बसवल्यापासून इतका प्रसन्न मी पाहिला नव्हता. "काही राहिलं असेल त्यांचं," ते गंभीरपणे म्हणाले. "आठवून बघा."

दादानं हात जोडले. "आई, तुझी तुळस पुण्याला नेतो. रोज पाणी घालीन."

*बसलीय, हलू नका.*

"आई, देवीला वर्षातून एकदा जाऊन येतो."

कावळे ढिम्म.

"आई, निहारच्या लग्नाचं मी आता मनावर घेतो. तो म्हणेल ती मुलगी."

"बाबा!" निहार म्हणाला. हे त्यानं घरात कधी ऐकलेलं नव्हतं.

*बसलीय, हलू नका.*

मी दादाच्या पाठीकडे बघत होतो. घराचं बोल, घराचं बोल, असं मनात म्हणत होतो. तो गप्प उभा. मिनिट गेलं, दोन गेली. मोरघार उठून गेली असती तर कावळा खाली येणार होता, तुळशीवर आणि देवीवर सगळं भागणार होतं, आणि आक्का अकराव्या मजल्यावर. माझी पाटी फुकट जाणार होती. मनात पहिल्यांदाच आईशी बोललो. आई, तिला बसव थोडी.

आणि कानात कावळा म्हणाला, *उठतेय.*

संपलं, असं वाटलं. तेवढ्यात दादा मोठ्यानं बोलला. कमी ऐकणारी माणसं बोलतात त्याहूनही मोठ्यानं. "आई! घर आक्काचं! ती आहे तोवर त्याची वीट कुणी हलवणार नाही. सगळ्यांदेखत शब्द देतो तुला!"

पिंपळातून नर सुटला. उघड, समोरून, सावकाश. पुलावरचे पारवे भर्रकन उठले आणि सगळे त्याच्याकडे बघत वरच्या बाजूला वळले. तेव्हा कमानीखालून मादी आली. पाण्याला पोट लागेल इतकी खालून आली, आणि एकदम सरळ वर चढली. फट्ट असा आवाज झाला. हवेत राखाडी पिसांचा एक गोळा उरला, तो हळूहळू नदीवर पसरला. ती पारवा घेऊन मनोऱ्याकडे गेली. नर रिकाम्या पायांनी तिच्यामागे.

*गेली बाई, चला जेवायला.*

चिंचेवरून एक कावळा उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली.

चाळीस माणसांच्या तोंडून एकच सुस्कारा निघाला. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. गुरुजी म्हणाले, "घरातच जीव होता हो त्यांचा." निहार पिंडाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, आमच्या फॉर्मात जागा रद्द करायला कारण द्यावं लागतं."

"मग?"

"आहे एक रकाना. धार्मिक अडचण." आणि थोडं थांबून, "बाबा लग्नाचंही खरंच म्हणाले ना?"

"सगळ्यांदेखत," मी म्हणालो.

*

घरी आलो तेव्हा आक्का दारातच होती. "दहा वाजून बावीस मिनिटांनी पारवा मारला तिनं," ती म्हणाली. "तोवर कावळा शिवला नसणार. काय काय कबूल करून आलात?"

"घर तुझं," दादा म्हणाला.

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. शिक्षिकेचा स्वभाव, चूक दिसली की राहवत नाही. "दादा, त्या कावळ्याचा आणि घराचा काही संबंध नाही हं. पिंपळात मोरघार बसली होती. म्हणून तो—"

मी मागून तिला खुणा करत होतो. तिनं दुर्लक्ष केलं. सुदैवानं दादा चप्पल काढण्यात गुंतला होता.

"काही ऐकू आलं नाही बघ," तो म्हणाला आणि आत गेला.

पानं मांडली होती. बायका आत वाढत होत्या, आम्ही दोघे भाऊ अंगणात खांबाला टेकून बसलो. दादानं डोळे मिटले होते. नदीकडून एक कावळा ओरडला, लांबून, नेहमीसारखा. मी कानातला इअरफोन केव्हाच काढून खिशात टाकला होता.

दादा डोळे न उघडता उठला. "चला," म्हणाला, "जेवायला बोलावतायत."

आतून कुणीही हाक मारलेली नव्हती.

मी त्याच्या कानातल्या मटारांकडे पाहिलं.

"दादा," मी म्हणालो, "कधीपासून ऐकू येतंय?"

"पाचव्या दिवसापासून. कुठलीतरी कळ दाबली गेली. आधी वाटलं, आईच बोलतेय. घाबरलो. मग कळलं, कावळा आहे." तो हसला. "काय रे, अगदी तिच्यासारखं बोलतो. 'चला जेवायला.' मी बंदच केलं नाही."

"म्हणजे घाटावर तुला..."

"'बसलीय, हलू नका.' मोजून सात वेळा."

"आणि 'उठतेय' म्हणाला तेव्हा?"

"तेव्हा म्हटलं, आता बोलून घ्यावं." त्यानं टोपी नीट केली. "निहारला मी हो म्हणालो होतो. पोराला दिलेला शब्द मोडायला माझ्याहून कुणीतरी मोठं लागतं, मुकुंदा. आई होती, ती गेली. म्हटलं, कावळ्याला विचारू. पण तिथं तो दिवा. हिरवा झाला की सगळं चार मिनिटांत आटपणार. रात्रभर तोच विचार. सकाळी येऊन बघतो तर पाटी!"

मला वाटत होतं, सगळी शिकार मीच केली. आणि मी तर नुसता समोरून उडत होतो.

*

तेराव्यानंतर मी कामावर रुजू झालो. दिवा अजून दुरुस्तीला आहे. या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. नगरपालिकेत दुरुस्तीची पाटी पाहून कुणी काही विचारलेलं नाही. गुरुजी मात्र पाटीवरची धूळ स्वतःच्या उपरण्यानं पुसतात. घाटावर पुन्हा माणसं दोन-दोन तास उभी राहतात आणि बोलतात. परवा एकानं मेलेल्या मेहुण्याची माफी मागितली. मोरघार त्या दिवशी गावातच नव्हती. कावळे कशासाठी थांबले होते, ते काकवेधलाही कळलं नाही.

निहारचं लग्न झालं. तो आणि त्याची बायको सुट्टीत येतात, गच्चीवर झोपतात. थांबा त्यानं पलीकडच्या गावात बांधला. ड्रोन आता वळसा घालून जातात.

दादा दर महिन्याला तुळस न्यायला येतो आणि न्यायची विसरतो. मग आम्ही तिघं गच्चीवर खुर्च्या टाकून बसतो. काल असेच बसलो होतो. दादानं एकदम मान वर केली.

"आली बाई," तो म्हणाला आणि दुर्बीण ओढून पिंपळाकडे लावली. "दिसला, दिसला! नर आहे!"

"तो सगळ्यांनाच दिसतो," आक्का म्हणाली आणि दुर्बिणीचं तोंड धरून पुलाच्या कमानीकडे वळवलं. "इकडे बघ."